चार उश्या आणि एक दुलई

बाजारात त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की काटेकोर. दुकानादुकानांतून फिरून वजनकाटे तपासणं हे त्याचं सरकारी काम. खांद्याला पितळी वजनांची पेटी, खिशात शिक्का आणि चेहऱ्यावर ‘मला सगळं कळतं’ असा भाव. ह्या तिन्हींत सगळ्यात जड काय होतं ते त्याला फार उशिरा कळलं. आता तो ही गोष्ट स्वतःच सांगतो आणि सांगताना स्वतःला ग्रॅमचीसुद्धा सूट देत नाही.

मुलगा सहा आठवड्यांचा झाला तेव्हा दवाखान्यातली सिस्टर घरी येऊन गेली. पिशवीतून तिने लोंबता काटा काढला आणि बाळाला झोळीत घालून टांगलं. आकडा आला तीन किलो आठशे.

“जरा हळू वाढतंय,” सिस्टर म्हणाली. “दोन आठवडे अंगावरचंच पाजा, मग दवाखान्यात घेऊन या. चार किलोच्या वर गेलं तर प्रश्नच नाही. नाही गेलं तर वरचं दूध सुरू करू. त्यात काही वाईट नसतं हो.”

शेवटचं वाक्य तिने बायकोकडे बघून म्हटलं, आणि नेमकं तेच बायकोच्या मनाला लागलं. सिस्टर गेल्यावर ती खिडकीशी जाऊन बसली. कपडे शिवायच्या कारखान्यात ती कापड बेतायची. एका ताग्यातून तीस सदरे निघायचे तिथे ती बत्तीस काढायची. कमी पडणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. आता पोरासाठी आपणच कमी पडतोय असं कुणीतरी तिला पहिल्यांदा सांगितलं होतं.

अशा वेळी नवऱ्याने काय करावं? शेजारी बसावं, पाणी आणून द्यावं, निदान गप्प तरी बसावं. काटेकोर म्हणाला, “काळजी करू नकोस. मी रोज वजन करतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून तपासणीचा काटा घरी आणला. वरच्या साहेबांची रीतसर परवानगी, नोंदवहीत सही, सगळं. काट्याचं ताट बाळाला पुरेना, म्हणून त्यावर कणीक मळायची परात ठेवली. परातीत मऊ पंचा घातला. मग शून्याचं बटण दाबलं, म्हणजे परात आणि पंचा वजनातून वजा. वर बाळ. तीन किलो आठशे! सिस्टरच्या काट्याशी तंतोतंत.

“बघ,” तो म्हणाला, “काटा चोख आहे.”

“काट्याचं कोण विचारतंय,” बायको म्हणाली. “ह्याला थंडी वाजतेय.”

भिंतीवर त्याने चौकटीचा कागद चिकटवला. आडवे दिवस, उभे ग्रॅम, आणि चार किलोवर एक लाल रेघ. रोज सकाळी सात वाजता, दूध पिण्याआधी, कपडे काढून वजन. बाळाला कुणी विचारलं नव्हतं. त्याने तिसऱ्याच दिवशी परातीत पाय झाडून निषेध नोंदवला. परात डुगडुगली. काटेकोरने लगेच दोन्ही बाजूंना दोन उश्या लावल्या. पाचव्या दिवशी पोराने कुशीवर वळायचा प्रयत्न केला, मग डोक्याकडे तिसरी आली आणि पायाकडे चौथी. दहाव्या दिवशी एक दुलई गुंडाळून उरलेल्या फटीत ठासली. बाप म्हणून कुठे म्हणून कसर नको.

कागदावरची रेघ आधी जरा वर सरकली, मग आडवी झाली, आणि दुलईनंतर चक्क खाली बघायला लागली. तीन आठशे तीस. तीन आठशे वीस. तीन सातशे नव्वद.

तो आकडा रोज मोठ्याने सांगायचा. त्याला वाटायचं, खरं सांगणं हीच माया. सांगून झालं की बायको बाळाला उचलून आतल्या खोलीत जायची. दोन वाट्या भात खायची त्याऐवजी चार खायला लागली, तासातासाला पाजायला लागली आणि डोळ्यांखाली काळी होत गेली. काटेकोर तेही बघत होता. फक्त त्याचा आलेख काढायचा राहिला होता.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, “अरे, ह्याच्या झबल्याचे बंद पुरत नाहीत आता. मागच्या आठवड्यात गाठ मारून वर दोन बोटं उरत होती.”

“कापड आटतं धुऊन.”

“बारा वर्षं कापड कापतेय मी. आटलेलं आणि अपुरं पडलेलं ह्यातला फरक मला कळत नाही?”

“तुझा अंदाज आहे तो,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “माझ्याकडे आकडा आहे.”

हे वाक्य सांगताना तो आजही मध्ये थांबतो आणि ऐकणाऱ्याला म्हणतो, “हसा, हसून घ्या. पुढे आणखी आहे.”

चौदाव्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. बाळ जन्मून घरी आलं ते आलं, त्यानंतर उंबऱ्याबाहेरची त्याची ही पहिलीच फेरी. दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर. काटेकोरने तयारी दोन दिवस आधी सुरू केली. लंगोट नऊ, झबली चार, टोपडी दोन, पंचे, दुपटी, खुळखुळा, पाणी, छत्री आणि उन्हाची दुसरी छत्री. वर तपासणीचा काटा आणि पितळी वजनांची पेटी.

“काटा कशाला?” बायकोने विचारलं.

“त्यांच्या काट्याचा काय भरवसा? इतकी महत्त्वाची गोष्ट.”

“आपण बाळाला दाखवायला चाललोय की धाड घालायला?”

तिसऱ्या मजल्यावरून सामान उतरवायला चार खेपा झाल्या. बाळाला बाबागाडीत ठेवलं तर त्याने अशी आरोळी ठोकली की तळमजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून पाहिलं. उचलून घेतलं की चूप, ठेवलं की भोंगा. शेवटी बायकोने त्याला खांद्यावर टाकलं. गाडी रिकामी कशाला न्यायची, म्हणून काटेकोरने गादीवर काटा ठेवला, धूळ बसू नये म्हणून त्यावर बाळाचं निळं दुपटं पांघरलं, आणि खालच्या जाळीत पेटी घातली. अशी वरात निघाली. पुढे गाडी ढकलणारा बाप, मागे पोर वाहणारी आई.

कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी गाडी अडवली. “अगंबाई, नवीन पाहुणा! झोपलाय वाटतं?” असं म्हणत त्यांनी दुपटं अलगद उचललं. चकचकीत पोलादी ताटात त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा काटेकोरकडे.

“आमचा मागून येतोय,” तो म्हणाला.

बाईंनी दुपटं पुन्हा नीट पांघरलं, अगदी कडा खोचून, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

पुढे भाजीबाजार. तिथल्या पहिल्याच गाळ्यावर मावशी बसायची. सगळा बाजार तिला मावशी म्हणायचा. फक्त काटेकोर ‘गाळा क्रमांक एक’ म्हणायचा, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने तिचा काटा धरला होता. तिच्या काट्याच्या ताटाला बटाट्याचं पोतं टेकलेलं होतं. ताटाला बाहेरून काहीही टेकलं की वजन चुकतं, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं पान. “मुद्दाम नाही हो साहेब, टेकलं नुसतं,” मावशी परोपरीने सांगत होती. “असं सगळेच म्हणतात,” काटेकोर म्हणाला होता, आणि नोटिशीत ‘हेतू’ ह्या रकान्यात ‘हेतुपुरस्सर’ असं लिहून त्याने तिचा काटा आठ दिवस बंद ठेवला होता. आठ दिवस मावशी गिऱ्हाइकांना हाताने अंदाजाने भाजी देत होती आणि ओशाळून हसत होती.

“या साहेब,” आज तिने हाक मारली. “पोरगं का? आणा की इकडे! आमचा माल तुम्ही तोलता, आता तुमचा माल आम्हाला तोलू द्या!”

शेजारचे गाळे खदखदले. काटेकोरने गाडीचा वेग वाढवला.

“येताना सांगा हं किती भरला ते!” मावशी मागून ओरडली.

दवाखान्यात बाकांवर सात-आठ आया आपापली गाठोडी घेऊन बसल्या होत्या. पंधरा मिनिटांच्या वाटेला पन्नास मिनिटं लागल्यामुळे ह्यांचा नंबर पुकारून झाला होता. तरी सिस्टरने त्यांना मधेच घेतलं.

“बाळाचे बाबा, कपडे काढा,” ती म्हणाली, आणि काटेकोर पेटीशी खटपट करत बसलेला बघून, “बाळाचे.”

बायकोने बाळाला दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं. तिने डोळे मिटून घेतले होते. आकडे धावले, थांबले.

“चार किलो दोनशे तीस,” सिस्टर म्हणाली. “अरे वा! छान पाजलंत हो.”

बायकोने डोळे उघडले. चौदा दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. तिचा चेहरा असा काही उजळला, की शेजारच्या बाकावरची एक अनोळखी आईसुद्धा हसली. एवढं सुख तिला मोजून दोन सेकंद मिळालं. तिसऱ्या सेकंदाला काटेकोर म्हणाला, “हा काटा चुकतोय.”

सिस्टरने मान वर केली.

“काय?” सिस्टर म्हणाली.

“शक्यच नाही. आज सकाळी सात वाजता तीन किलो सातशे नव्वद होतं. माझ्याकडे चौदा दिवसांच्या नोंदी आहेत.” त्याने घडी घातलेला चौकटीचा कागद काढला. “तुमचा काटा चारशे चाळीस ग्रॅम जास्त दाखवतोय. मी बाप म्हणून बोलत नाही, निरीक्षक म्हणून बोलतोय.”

“ते दिसतंय,” सिस्टर म्हणाली.

बायकोने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि छातीशी धरलं. तिचे खांदे पुन्हा होते तिथे गेले.

काटेकोरने पेटी उघडली. चिमट्याने एक-एक पितळी वजन उचलून दवाखान्याच्या काट्यावर ठेवायला लागला. एक किलो म्हटल्यावर एक किलो. दोन म्हटल्यावर दोन. पाच किलोवर काटा केसभरही हलला नाही. बाकांवरच्या आया उठून दारात जमल्या होत्या. फुकटचा खेळ कोण सोडतो? त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“बरोबर आहे,” तो पुटपुटला. “मग माझा...”

त्याने स्वतःचा काटा टेबलावर मांडला. पुन्हा तीच पितळी वजनं. एक म्हणजे एक. दोन म्हणजे दोन. तोही चोख.

“आता ह्याच्यावर बाळ ठेवा,” सिस्टरने हाताची घडी घालून सांगितलं. आता तिलाही रस आला होता. परात तर कुणी आणली नव्हती. तिने औजारांचा एक मोठा रिकामा ट्रे दिला. ट्रे ठेवला, पंचा घातला, शून्य केलं, बाळ ठेवलं.

चार किलो दोनशे तीस.

काटेकोर आकड्याकडे बघतच राहिला. दोन्ही काटे खरे, बाळ एकच, आणि चौदा दिवस खोटे. त्याने डोकं खाजवलं. सकाळपासून आतापर्यंत पोर चारशे चाळीस ग्रॅम वाढलं असेल का, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. हेही तो प्रामाणिकपणे सांगतो.

बायको मात्र ट्रेच्या कडेकडे बघत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ती रोज जेवताना ऐकत आली होती, कुणाच्या ताटाला काय टेकलं होतं, कुणी कशी चलाखी केली होती. ती उठली. तपासणीच्या पलंगावरची उशी तिने उचलली आणि ट्रेच्या कडेला खेटून ठेवली. आकडा खाली आला. चार किलो एकशे दहा.

“सिस्टर, आणखी एखादी उशी आहे?”

सिस्टरने दोन आणून दिल्या. दारातल्या एका आईने मागितलं नव्हतं तरी बाळाची छोटी उशी पुढे केली. चार किलो. तीन किलो नऊशे. मग बायकोने निळं दुपटं गुंडाळलं आणि उरलेल्या फटीत ठासलं, अगदी त्याच्यासारखं, अंगठ्याने दाबून.

तीन किलो आठशे. दहा-वीस इकडेतिकडे.

“सापडलं तुमचं चारशे चाळीस,” सिस्टर म्हणाली, “उशीत होतं.”

दारातल्या आया अशा हसल्या की दोन बाळं दचकून रडायला लागली. उश्यांच्या मध्ये पडलेला छोटा आरोपी मात्र शांतपणे स्वतःची मूठ चघळत होता. काटेकोरच्या डोक्यात सगळं भराभर उलगडलं. पोर जसजसं वाढत होतं तसतसं पाय झाडत होतं. जसजसं पाय झाडत होतं तसतशा उश्या वाढत होत्या. आणि जसजशा उश्या वाढत होत्या, तसतशी परात त्यांच्यावर टेकून थोडं थोडं वजन त्यांच्या पदरात टाकत होती. धंद्यातलं पहिलं पान! ज्यासाठी अख्ख्या बाजाराला धाकात ठेवलं, ते स्वतःच्या घरात रोज सकाळी सात वाजता, सहीशिक्क्यानिशी.

तो बायकोकडे वळला. ती हसत नव्हती.

“चौदा दिवस,” ती हळूच म्हणाली. “रोज सकाळी तू मला आकडा सांगायचास, आणि मी आत जाऊन पोराची माफी मागायचे.”

“मुद्दाम नाही गं,” तो म्हणाला. “टेकलं नुसतं.”

तोंडातून शब्द बाहेर पडले आणि त्याला वाटलं, हा आवाज आपला नाही. हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय.

परतताना बायकोने बाळाला सरळ गाडीत ठेवलं. त्याने आरोळीसाठी तोंड उघडलं, वर झाडाची पानं हलताना पाहिली आणि विसरला. गाडी आता तिच्या हातात होती. काटा काटेकोरच्या एका खांद्यावर, पेटी दुसऱ्यावर, आणि दोन्ही छत्र्या काखेत.

“मागच्या गल्लीने जाऊ,” तो म्हणाला. “सावली आहे तिकडे.”

“बाजारातनं जायचं,” बायको म्हणाली.

“ऊन आहे.”

“दोन छत्र्या आहेत तुझ्याकडे.”

त्याने छत्र्या सावरल्या आणि निघाला. मावशीचा गाळा दिसायला लागला तेव्हा त्याच्या मनात एक सोपी वाट आली. ‘चार किलो दोनशे तीस’ म्हणायचं, हसायचं, पुढे व्हायचं. आकडा खराच होता. बायको त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि त्यामुळेच ती बघतेय हे त्याला कळत होतं.

“काय साहेब, किती भरला?” मावशीने विचारलं.

“चार किलो दोनशे तीस,” काटेकोर म्हणाला. एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. खांद्यावरचा काटा त्याने खाली ठेवला. “पण घरी तीन किलो आठशेच्या आसपासच भरत होता. दोन आठवडे.”

“म्हणजे?”

“परातीला उश्या टेकल्या होत्या.”

मावशीचा हात कांद्यांवरच थांबला. 

“किती उश्या?” मावशीने विचारलं.

“चार.”

“आणि एक दुलई,” बायको म्हणाली.

“माझं तर एकच पोतं होतं,” मावशी म्हणाली.

काटेकोरला वाटलं होतं आता हशा पिकेल. पिकला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. मावशी गाडीत वाकली. पोराची मांडी दोन बोटांत धरून तिने तिचा अंदाज घेतला, वांगं घ्यावं तशी.

“भरलाय की चांगला. ह्यात काटा काय करायचा?” ती सरळ झाली. “मुद्दाम केलं होतंत का?”

“नाही हो मावशी. टेकलं नुसतं.”

तो तिला पहिल्यांदाच मावशी म्हणाला होता.

“असं सगळेच म्हणतात,” ती म्हणाली. “आठ दिवस.”

“काय आठ दिवस?”

“काटा बंद. ठेवा इथे.” तिने गाळ्याखालची जागा दाखवली, बटाट्याच्या पोत्याशेजारी. काटेकोर म्हणायला गेला की हा सरकारी काटा आहे, सोमवारी परत करायचाय, नोंदवहीत सही आहे. बायकोने त्याआधीच काटा उचलून मावशीच्या हातात दिला होता.

“पोचपावती तरी द्या,” तो केविलवाणा म्हणाला. “ऑफिसात काय दाखवू?”

मावशीने गल्ल्याच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. त्याच्याच अक्षरातली नोटीस होती ती. दोन वर्षं जपून ठेवली होती, चार घड्या घालून. “ह्याच्या मागे लिहा. कोरं आहे.”

त्याने काकडीच्या टोपलीवर कागद टेकवला आणि लिहायला लागला. तपासणी काटा एक, आठ दिवस बंद. कारण, ताटास उश्या टेकणे. तिथे त्याचं पेन अडलं, कारण पुढचा रकाना त्याला पाठ होता. हेतू.

“लिही,” बायको म्हणाली. “टेकलं नुसतं.”

त्याने लिहिलं. मग कागद उलटला. पुढच्या बाजूला, त्याच रकान्यात, त्याच्याच टपोऱ्या अक्षरात ‘हेतुपुरस्सर’ होतं. त्याने तो शब्द खोडला, वर ‘टेकलं नुसतं’ असं लिहिलं आणि कागद मावशीच्या हातात ठेवला.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने तो डोळ्यांपुढे धरला, खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि बायकोला विचारलं, “काय लिहिलंन्?”

बायकोने वाचून दाखवलं. मावशीने मान हलवली, कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि परत काटेकोरपुढे धरला.

“सही राहिली,” ती म्हणाली. “आणि तारीख. तुम्हीच सांगून गेला होतात, तारखेशिवाय कागद म्हणजे रद्दी.”

तो सही करत असताना मागे बायको हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग गाडीचा दांडा धरून वाकून. गाडीतलं पोर तिच्याकडे टकमक बघत राहिलं. झबल्याचे बंद सुटून त्याचं पोट बाहेर आलं होतं.

“आता नवीन झबली बेतायला हवीत,” बायको डोळे पुसत म्हणाली. “दोन बोटं मोठी.”

“तीन,” काटेकोर म्हणाला, आणि तिने भुवई उचलल्यावर घाईने, “तू बघ. तुला कळतं.”